थेडाच्या कॅम्परमधलं पाणी

थेडा उब्बेनला समुद्राची भीती कधी वाटली नव्हती. बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात तिचं सगळं आयुष्य गेलं. बोट कलंडायला लागली की ती एका हातानं कठडा धरायची आणि दुसऱ्यानं सूप ढवळत राहायची. नवरा, हायो, त्याच बोटीच्या इंजिनावर होता. दोघांनी एक जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेतली होती. हायो गेल्यावर मुलीला वाटलं, आई आता गाडी विकणार. आईनं घराचा खालचा मजला भाड्यानं दिला आणि ती एकटीच किनाऱ्यानं फिरायला लागली.

अशा बाईला घाबरवलं ते ओंजळभर पाण्यानं.

ग्रेटझील गावी समुद्राच्या बांधावरून फिरून ती परत आली, तर कॅम्परच्या ओट्यापुढची जमीन ओली. नळ नीट बंद झाला नव्हता, बेसिनच्या भोकावर फडकं अडकलं होतं आणि पाणी काठावरून खाली उतरत होतं. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी नळ, मग गॅस, आणि शेवटी पोटच्या मुलीचं नाव.

चार दिवसांनी जमीन पुन्हा ओली. या वेळी नळ घट्ट बंद होता. बाहेर लख्ख ऊन, म्हणजे पावसाचा प्रश्नच नव्हता. थेडाला एकच अर्थ सुचला: पाणी आपणच सांडलं, नळ आपणच बंद केला आणि दोन्ही विसरलो. पुढच्या मुक्कामी गाडी थोडी उतारावर लावली होती, तेव्हा पाणी पलंगापाशी निघालं. 'मी इथवर पाणी घेऊन कशाला आले असेन?' ती आठवत बसली. काही आठवेना, आणि तेच तर भयंकर होतं.

मुलगी, वीब्के, ओल्डेनबुर्गहून फोन करायची.

"आई, आवाज असा का येतोय?"

"असा म्हणजे कसा? म्हातारीचा आवाज म्हातारीसारखाच येणार ना!"

फोन ठेवल्यावर ती नळाकडे बघत बसायची. बाहेर पडायची, अर्ध्या वाटेतून परत यायची, नळ चाचपायची. शेवटी तिनं गाडीतली पाण्याची टाकीच रिकामी केली, पंपाची तार काढून टाकली आणि चहालाही दुकानातल्या बाटलीतलं पाणी वापरायला लागली. आता सांडायला गाडीत पाणीच नव्हतं.

नॉर्डनच्या अलीकडे रेल्वेचं फाटक पडत होतं. थेडानं जोरात ब्रेक दाबला आणि वरून गारेगार पाण्याची धार तिच्या मानेवर पडली. ती किंचाळली. आधी तिला वाटलं, आता नसलेल्या गोष्टीही जाणवायला लागल्या. तिनं कॉलर पिळली. बोटांवर तपकिरी पाणी आलं, कुजक्या लाकडाचा वास मारणारं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. फाटक केव्हाच उघडलं होतं.

ती तडक हायोच्या थोरल्या भावाकडे गेली. फोको म्हणजे जन्मभर लाकडी होड्या बांधलेला माणूस, आणि तोंडाचा फटकळ.

"मोइन," त्यानं दारातूनच नमस्कार केला. "अगं, भूत बघितलंस की काय?"

"फोको, गाडीत पाणी येतंय. टाकी रिकामी आहे तरी येतंय. तू स्वतः बघ आणि मला सांग, खरंच येतंय का."

फोकोनं तिच्याकडे नीट बघितलं आणि पुढची थट्टा गिळली. "आधी चहा घे," तो म्हणाला.

कपात खडीसाखर तडकली, वर साय पसरली.

मग त्यानं गाडीच्या हवा खेळायच्या सगळ्या झडपा चिकटपट्टीनं बंद केल्या, चालकाच्या खिडकीला पुठ्ठा लावला आणि त्यातल्या भोकातून पाला उडवायचा ब्लोअर आत सोडला. गाडीत हवा कोंडली. शिडीवर चढून तो सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी ब्रशनं फिरवू लागला. थेडा खाली उभी होती. तिच्या मनात एकच: काही सापडलं नाही तर?

"ये, वर ये! बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप!"

हायोनं टपावर सामानासाठी कठडा बसवला होता. त्याच्या स्क्रूंभोवती साबणाचे बुडबुडे फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते.

"पण पाणी उन्हात यायचं रे!"

"छत आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये फोम आहे. या भोकांतून झिरपलेलं पावसाचं पाणी तो पिऊन बसतो. गाडी कलली, ब्रेक लागला, की ओकतो."

थेडा शिडीवरच रडायला लागली. फोको घाबरला. "अगं, खाली उतरून रड! पडलीस तर वीब्के मला सोडायची नाही."

पण भीती तिथंच संपली नाही. आतलं प्लायवूड काढलं तेव्हा ओल्या पावासारखं हातात आलं. पलंगावरच्या कपाटाला धरणारी लाकडी पट्टी फोकोच्या अंगठ्यानं दबत होती. त्या जड कपाटाखाली डोकं ठेवून थेडा रोज झोपली होती.

कठडा उतरला, सडका फोम गोणीत गेला, हीटर लावून गाडी आतून कोरडी केली. फोकोनं नवी पट्टी ठोकली, फटी बुजवायचं जुनं वाळकं सीलंट खरवडून काढलं, भोकं बुजवली आणि वरून चिकट रबरी पट्टी दाबून बसवली. मग थेडा आत बसली आणि बाहेरून त्यानं टपावर पाइप धरला. पाण्याचा आवाज ऐकत ती आतून उघड्या पडलेल्या छताकडे बघत होती. एका खिडकीच्या कोपऱ्यात थेंब जमला.

"बंद कर! येतंय!"

खिडकीचं रबर तडकलेलं निघालं. तेही बदललं. दुसऱ्यांदा पाइप धरला तेव्हा सगळं कोरडं राहिलं.

"झालं. आता तरी हस की," फोको म्हणाला.

"फोको, ग्रेटझीलला नळ खरंच उघडा होता. ते पाणी छतातलं नव्हतं."

"मी तर आयुष्यभर नळ उघडे टाकतोय."

"तुझी आई तशी गेली नाही."

फोकोनं फोन आणून तिच्या हातात दिला.

थेडानं वीब्केला सगळं सांगितलं. मुलगी आधी चिडली, मग म्हणाली, "आई, मी येते. आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कितीतरी प्रश्न विचारले. "सध्या काळजीचं काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पण वर्षानं पुन्हा या."

"वर्षानं म्हणजे काय? आहे की नाही, एक काय ते सांगा."

"आज नाही. आज एवढंच सांगता येतं."

बाहेर आल्यावर वीब्केनं किल्ली मागितली. थेडानं दिली नाही. पण ती शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवत म्हणाली, "तू माझ्याजवळ बस. काही चुकलं तर लगेच सांग. लपवू नकोस."

वीब्के बसली. थेडानं गाडी सुरू केली आणि दोघी नॉर्डनच्या रस्त्याला लागल्या.