पिपरीतली थंड खोली

बदली होऊन वर्ध्याला आलो तेव्हा सिंदी मेघेत राहायचं की पिपरी मेघेत, एवढाच प्रश्न होता. मे महिना. सिंदीतल्या खोल्या नुसत्या भट्ट्या, त्यात घरमालकांच्या चौकशा. माझं डोकं फिरलं होतं. पिपरीतल्या एका काकूंनी माडीवरची खोली उघडली आणि अंगावर गार वारा आला. कूलर चालू होता, टाकी काठोकाठ भरलेली.

"रिकाम्या खोलीत कूलर?" मी वैतागूनच विचारलं.

"माह्या पोराची खोली," हार घातलेल्या फोटोकडे पाहत काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाली त्याले जाऊन. गरमी सहनच नाई व्हायची."

आईचं मन, असं मी समजलो. गारव्यापायी खोली घेऊनही टाकली.

पुढच्या आठवड्यात काकू लग्नासाठी तळेगावला गेल्या. त्या दिवशी सकाळी कंटाळा करून मी पाणी न भरताच, कूलर बंद करून, जिन्याला कुलूप लावून ऑफिसला गेलो. संध्याकाळी कुलूप उघडून वर आलो, तर कूलर चालू, टाकी भरलेली आणि शेजारी ओली बादली.

मी काकूंना फोन लावला. "पाणी कोणी भरलं?"

"त्याची फिकर तुम्ही नका करू जी," काकू शांतपणे म्हणाल्या. "ते काम पयलेपासून त्याचंच आहे."