केशरबाईंचा शेजार

केशरबाईंना मी पहिल्याच बैठकीत देवमाणूस ठरवून टाकलं. माझी ही जुनी खोड आहे. बचत गटांचं काम करताना इतकी भांडणं ऐकावी लागतात, की कोणी स्वतःहून मागे सरलं की मी लगेच हात जोडते.

पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर पंधरा घरं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो आणि बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, पोरंबाळं आणि कोंबड्यांसकट. परततात ती गुढीपाडव्याच्या सुमारास. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. नवरा वारला आणि केशरबाई अर्धा कोयता झाल्या. मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला अर्धा नको होता. मूलबाळही नाही. तेव्हापासून पाच महिने त्या मागे राहतात. सोबतीला तेरा घरांची कुलपं आणि पलीकडच्या टोकाला ठार बहिरे आप्पासाहेब.

गटाला बँकेचं कर्ज मिळालं तेव्हा पहिला नंबर केशरबाईंचाच होता. त्या म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. राजेश्वरीला द्या."

राजेश्वरी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, पंचविशीची. तिच्या नवऱ्याने, अंगदने, त्या साली मुकादमाची आगाऊ उचल अजून घेतली नव्हती, म्हणजे तोडीला जायचं बंधन नव्हतं. तिला शेळ्या हव्या होत्या. केशरबाई हटून बसल्या, घ्यायच्या तर गाईच. शेळ्यांना खर्च कमी येतो, असं मी शहाणपण सांगितलं.

"शेळ्या काय, कुनाच्याबी दावनीला बांधून जाता येतंय," त्या म्हणाल्या. "गाईची दोन टाइम धार काढाया घरीच ऱ्हावं लागतंय, ताई."

मी ते अहवालात ‘दूरदृष्टी’ म्हणून लिहिलं. मोठी हुशार मी.

त्या हिवाळ्यात राजेश्वरी-अंगद उसाला गेले नाहीत. मी महिन्याने वस्तीवर गेले, तर दोघी शेजारणी कडब्यावरून कडाकडा भांडत होत्या. मी मध्ये पडले, तशा केशरबाई माझ्यावरच उखडल्या. "भांडू द्या हो! लई सालं झाली, दिवाळीनंतर कुनासंग भांडले न्हाई मी." तासाभराने त्याच दोघी एका ताटलीत शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि राजेश्वरीची लेक केशरबाईंच्या मांडीवर झोपली होती.

दोनाच्या चार गाई झाल्या. कर्ज वेळेत फिटलं. तिसऱ्या वर्षी अंगदने पाथर्डीत रस्त्याकडेला डेअरीसाठी गाळा घेतला, लेकीचं नाव तिथल्या शाळेत घातलं आणि दसऱ्याआधी टेम्पोत गाई चढवल्या. आमच्या ऑफिसला यशोगाथा हवीच होती. राजेश्वरीच्या जुन्या घराचा फोटो घ्यायला मी वस्तीवर गेले.

केशरबाई त्या बंद दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. "लई चांगलं झालं बघा पोरीचं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. कढ आवरेनात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं मी ज्याला त्याग म्हणत होते, ती एका बाईची शेजारासाठीची धडपड होती. मला स्वतःचीच चीड आली. फोटो न काढताच मी परत फिरले.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत नव्या कर्जाचा विषय निघाला. या वेळी केशरबाईंनी स्वतःसाठी घ्यायचं, मी ठणकावून सांगितलं.

"मला काय करायचंय? समोरच्या रंगुबाईला द्या," त्या म्हणाल्या. "गाईच द्या."

बैठक उठल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "केशरबाई, अहो, रंगुबाईचं भलं झालं की तीही जाणार."

"जाईल की. जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पन दोन हिवाळे तर ऱ्हाईल."