साहिबाबादची दोन नंबर शेड

हेरंब टिपणीस आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहतो. फरीदाबादच्या या भागात मराठी घरं चारच, त्यामुळे एकमेकांकडे येणंजाणं आहे. पुढची हकिगत त्यानं मला दोन रविवारी सकाळी, पार्कात फेऱ्या मारताना सांगितली. सांगताना तो मध्येच थांबायचा आणि आपण हे बोललोच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागायचा.

हेरंब मूळचा सांगलीचा. इंजिनिअर होऊन इकडे आला, ट्रॅक्टरचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि तेवीस वर्षं तिथंच राहिला. शेवटची सहा वर्षं तो अख्खा प्लान्ट सांभाळत होता. प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागातून, जाताना तो मशीनकडे बघायचा नाही, ऐकायचा. चाळीस प्रेस एकदम चालू असल्या तरी त्यातली कुठली बिघडत चालली आहे, हे दारातूनच ओळखायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला गुडगावच्या एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपनीनं बोलावलं. तिथला पार्टनर नचिकेत त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. तो म्हणाला की स्लाइड बनवणारी हुशार मुलं आमच्याकडे भरपूर आहेत, आम्हाला ज्याचे हात काळे झालेत असा माणूस हवा आहे. हेरंबला ते आवडलं. कारखान्यात आता याच्यापुढं काही नाही, हे त्यालाही कळत होतं. बायको, वैभवी, म्हणाली, "जा. नाहीतर साठीपर्यंत तेच तेच बोलत बसशील." तो गेला.

नव्या ऑफिसात त्याला एकच गोष्ट खटकली. अकराव्या मजल्यावर, जाड गालिच्यावर, काही खाली पडलं तरी आवाज व्हायचा नाही. माणसं चालताना ऐकू यायची नाहीत, अचानक टेबलाशी उभी दिसायची. पहिल्या चार महिन्यांत तो एकदाही कारखान्यात गेला नाही. दुसऱ्यांच्या कारखान्यांबद्दल मात्र रोज बोलत होता. संध्याकाळी घरी आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, असं तो वैभवीला म्हणायचा. तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. कानात काहीच दोष नव्हता.

जानेवारीत त्याला पहिलं स्वतःचं काम मिळालं. गाझियाबादजवळ साहिबाबादला पत्र्याच्या कामाचा एक जुना कारखाना होता. आठ महिन्यांपूर्वी हेरंबच्याच कंपनीनं तिथं पाहणी करून दोन नंबरची शेड बंद करण्याचा सल्ला दिला होता आणि मालकांनी तो मानला होता. आता पुढचा टप्पा होता. उरलेल्या दोन शेडमधून आणखी काय कमी करता येईल, ते हेरंबनं सांगायचं होतं. त्याच्या हातातल्या नकाशात दोन नंबरची शेड नुसती करड्या रंगानं भरलेली होती.

तो पहिल्यांदा तिथं गेला त्या दिवशी धुकं इतकं होतं की गेटवरून पहिली शेडसुद्धा दिसत नव्हती. तिथले वर्क्स मॅनेजर विश्वास त्यागी त्याला घेऊन निघाले. मधल्या वाटेनं जाताना हेरंब थांबला. डाव्या बाजूच्या बंद शटरमागून आवाज येत होता. पायडल दाबल्याचा आवाज. एक नाही, खूप पायडलं, जवळजवळ एका वेळी. खट्ट. आणि त्यानंतर प्रेसचा जो दणका यायला हवा, तो येत नव्हता. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा खट्ट.

"तेवीस वर्षं त्या दोन आवाजांच्या मध्ये काढली आहेत मी," हेरंब मला म्हणाला. "एक आला की दुसरा येणारच. तो आला नाही, तर पायरी चुकल्यासारखं वाटतं."

त्यानं त्यागींना विचारलं. ते म्हणाले की ती दोन नंबरची शेड आहे, आत कुणी नाही, वीज कापून आठ महिने झाले, पत्रे वाऱ्यानं वाजत असतील. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. त्यागी मात्र वळून न बघता पुढं गेले होते.

दोन दिवसांनी हेरंब कुणालाही न सांगता ठरलेल्या वेळेआधी आला आणि शेडच्या मागच्या बाजूला गेला. लहान दाराला नुसती कडी होती. ती काढून तो आत गेला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

आत छपराच्या काचांतून येईल तेवढाच उजेड होता. प्रेसच्या दोन रांगा होत्या आणि जवळजवळ प्रत्येक प्रेसपाशी एक माणूस उभा होता. निळा गणवेश, पायात बूट, हातात मोजे. डावा हात बाजूच्या रिकाम्या पेटीत जाई, काहीही नसलेलं काहीतरी उचलून डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवी. पाय पायडल दाबी. मग उजवा हात तयार झालेला, नसलेला भाग काढून पलीकडच्या पेटीत टाकी. पुन्हा तेच. कुणी बोलत नव्हतं. हेरंबकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

"अरे देवा," त्याच्या तोंडून निघालं.

जवळच्या प्रेसवरचा माणूस हात न थांबवता म्हणाला, "मराठी आहात काय साहेब?"

तो हणमंत जगदाळे. साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. लष्करात वाहनदुरुस्तीच्या पलटणीत हवालदार होता, दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाला आणि मुलांच्या शाळेसाठी गाझियाबादला राहिला. या शेडमध्ये त्यानं चौदा वर्षं काम केलं होतं. अकरा वाजता कुणीतरी पाइपावर पाना वाजवला, सगळ्यांनी आपापले थर्मास काढले, तेव्हा हणमंतानं त्याला काय ते सांगितलं.

शेड बंद झाली तेव्हा दोन पाळ्यांची मिळून अडतीस माणसं कामावरून निघाली. त्यांनी लेबर कोर्टात केस टाकली. वकिलानं बजावलं की रोज हजर राहा, नाहीतर तुम्हीच काम सोडलंत असं कंपनी म्हणेल. पुढच्या गेटवर घेईनात, म्हणून ती मागून यायला लागली. ते त्यागींना माहीत होतं. त्यांनी हाकललंही नाही आणि विचारलंही नाही. पहिले दोन महिने सगळे नुसते बसायचे. पत्ते झाले, भांडणं झाली, मग बोलणं संपलं. शिवराम म्हणून एक जण होता, त्याला बसणं सोसेना. एके दिवशी तो उठला, प्रेसला वंगण घातलं आणि रिकाम्या हातानं काम करायला लागला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचा उठला. आठवडाभरात सगळी रांग उभी होती.

"घरी हात राहत नाहीत साहेब," हणमंत म्हणाला. "इथं राहतात."

शिवराम कोणता, असं हेरंबनं विचारलं. हणमंतानं दुसऱ्या रांगेतल्या एका मोकळ्या प्रेसकडे हनुवटी केली. तो दिवाळीच्या आधी वारला होता, झोपेत. त्याच्या प्रेसवर कुणी उभं राहत नव्हतं. पण पलीकडे जाणारा प्रत्येक जण तिथं थोडा वळसा घालून जात होता, जसा उभ्या माणसाला घालतात तसा. हेरंब जवळ गेला. प्रेसवर धूळ होती. पायडल मात्र घासून चकचकीत झालं होतं.

इथपर्यंतचं हेरंब सरळ सांगतो. पुढचं सांगताना त्याचा आवाज बदलतो.

पाना पुन्हा वाजला, माणसं उभी राहिली. शिवरामच्या प्रेसचा क्लच नीट सुटतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यानं पायडल दाबलं. स्प्रिंग जिवंत होती. त्यानं पुन्हा दाबलं. मग नुसतं दाबणं बरं दिसेना म्हणून डावा हात पेटीकडे गेला. शेजारच्यांच्या लयीत पाय आपोआप बसला. अकराव्या मजल्यावर बंद झालेले कान उघडल्यासारखे वाटले. चार महिन्यांत इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

खिशातला फोन थरथरला तेव्हा तो भानावर आला. पाऊण वाजला होता. अकरा फोन येऊन गेले होते. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत डायमध्ये होता आणि पाय पायडलवर दाबलेला होता.

तो बाहेर पडला तेव्हा हणमंत दारापर्यंत सोडायला आला. धुकं तसंच होतं. हणमंतानं खालच्या आवाजात विचारलं, "तुमची शिवरामशी ओळख होती का साहेब?"

"नाही. का?"

"तुम्ही मघाशी शेजारच्या रामअवतारला 'मुन्शी' म्हणून हाक मारलीत. दोन वेळा. ते नाव शिवरामच घ्यायचा, दुसरं कुणी नाही. तो गेल्यापासून ते आमच्यात कुणी उच्चारलेलं नाही."

हेरंबला हाक मारल्याचं आठवत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नावसुद्धा त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यानं स्वतःला समजावलं की कुणाच्या तरी तोंडून कानावर पडलं असेल. पण आत कुणी बोलतच नव्हतं.

घरी त्यानं वैभवीला सगळं सांगितलं. ती भिणाऱ्यातली नाही, शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "तुला परत तिथं उभं राहावंसं वाटतंय का, तेवढं सांग." तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, "मग परत जाशील तेव्हा त्यागींना बरोबर घेऊन जा. एकटा जाऊ नकोस."

नचिकेतला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, अर्थात मुन्शीचं वगळून. नचिकेतनं शांतपणे ऐकून घेतलं. हा क्लायंटचा कोर्टातला मामला आहे, आपल्या कामाच्या चौकटीत बसत नाही, स्लाइडवर यायला नको, असं त्याचं म्हणणं पडलं. तो वाईट माणूस नाही. आधीचा अहवाल त्यानंच लिहिला होता. हेरंब म्हणाला की ठीक आहे, माणसांचं लिहीत नाही, मशीनचं लिहितो.

आणि त्यानं मशीनचं लिहिलं. आठ महिने बंद पडलेल्या शेडमधल्या बावीस प्रेस उत्तम स्थितीत आहेत, कारण त्यांना रोज वंगण मिळालेलं आहे. गंज नाही, क्लच मोकळे आहेत. कंपनी जे भाग सध्या फरीदाबादहून करून आणते, ते इथं लगेच सुरू करता येतील. ते भाग हेरंबनं स्वतः वर्षानुवर्षं बनवले होते, त्यामुळे मालकांच्या प्रश्नांना त्यानं कागद न बघता उत्तरं दिली. शेवटी थोरल्या मालकांनी विचारलं की बंद शेडमध्ये वंगण कोण घालत होतं. मग विश्वास त्यागींनीच सांगितलं, मान खाली घालून, सगळं.

मार्चमध्ये शेड एका पाळीपुरती सुरू करायचं ठरलं. अडतिसांपैकी सोळा जणांना परत घेणार होते. वीज जोडायच्या आदल्या आठवड्यात हेरंबनं एक अट घातली: पायडलं काढून टाका, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येता कामा नये. त्यागींना वाटलं की हा उगाच वेळ घालवतोय. हेरंबनं त्यांना शिवरामच्या प्रेसपाशी नेलं आणि आपला हात कुठं होता ते दाखवलं. इतके महिने या माणसांनी पायडल दाबलंय आणि दणका आलेला नाही, तो म्हणाला. त्यांचे हात आता डायमधून वेळेवर बाहेर येणार नाहीत. त्यागींनी वीज जोडणं पुढं ढकललं. बटणं तीन आठवड्यांत बसली.

पहिल्या दिवशी हेरंब हजर होता. मोटारी फिरू लागल्या, चाकांनी वेग घेतला आणि पहिला दणका बसला तेव्हा सोळाच्या सोळा माणसं एक पाऊल मागं सरकली. एक जण मटकन खाली बसला. हणमंतानं बटणांवर हात ठेवले, पण त्याच्यानं ती दाबवली नाहीत. तो बाहेर जाऊन भिंतीशी उकिडवा बसला. हेरंब त्याच्याजवळ जाऊन बसला.

"आवाज फार मोठा आहे हो," हणमंत म्हणाला. "पूर्वी एवढा होता?"

"एवढाच होता."

"मग आम्ही कुठं होतो इतके दिवस?"

हणमंत पुन्हा मशीनवर गेला नाही. त्यागींनी त्याला रांगेतल्या माणसांच्या हातांवर लक्ष ठेवायचं काम दिलं. तो दिवसभर रांगेमागून फिरतो, कुणाचा हात रेंगाळला की खांद्यावर थाप मारतो. उरलेल्या माणसांचा निवाडा पुढच्या वर्षी कोर्टात झाला, बहुतेकांचा बरा झाला. शिवरामची प्रेस भंगारात काढायचं ठरलं होतं, पण ती उचलायला आलेली माणसं दोनदा काम अर्धवट टाकून परत गेली. का, ते त्यागींनी कुणाला विचारलं नाही. ती तिथंच आहे, वीज न जोडलेली.

हेरंब अजून गुडगावच्याच कंपनीत आहे. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात नचिकेतनं लिहिलं की टिपणीस प्रत्यक्ष जागेवर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. हेरंबनं खाली सही केली आणि पुढच्या आठवड्यात नोएडाच्या एका कारखान्यात जायची गाडी मागवली.

मी त्याला विचारलं की रामअवतारला तू नंतर कधी भेटलास का.

"भेटलो," तो म्हणाला. "दोन नंबर सुरू झाली त्या दिवशी. मी त्याला 'रामअवतार' म्हणून हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. मग मला विचारतो, आज वो वाला नाम नहीं लोगे?"