जाईच्या मसाल्यावरचा आळ

हिंदमाताच्या कापडबाजारातल्या ज्या दुकानात जयवंत तावडे सदतीस वर्षं गादीवर बसून साड्या विकत होता, तिथे त्याच्या जिभेचं मोठं नाव होतं. आईला मोरपंखी आणि मुलीला डाळिंबी हवी असली, तर दोघींना वांगी रंगाची साडी गळ्यात मारून तो हसतमुखानं बाहेर पाठवायचा. गिऱ्हाईक कितीही चिकट असो, याचा आवाज चढला नाही. घरी मात्र हीच जीभ एकदा अशी चालली की त्याचा सल त्याला आता जन्मभर पुरणार आहे.

गादीवरचं काम दिसतं सोपं. मांडी घालून बसायचं, उठून कपाटातला गठ्ठा काढायचा, शंभर साड्या उलगडायच्या आणि शंभरच्या शंभर पुन्हा घडी घालायच्या. चाळिशी उलटली तशी जयवंतची कंबर धरायला लागली. दुकानात सगळ्यांचीच धरायची. त्यासाठी गादीच्या कडेला पेपरमिंटचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात दुखण्याच्या गोळ्या. ज्याच्या हाताने पाकीट संपेल त्याने नवं आणून टाकायचं, इतकाच नियम. गणपत म्हणून त्याच्या शेजारी बसणारा सेल्समन होता, तो तर येणाऱ्याला पाणी विचारावं तशी गोळी विचारायचा. ते औषध आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यात जयवंतचा आणखी एक नेम. भवानी झाल्याशिवाय, म्हणजे दिवसाची पहिली साडी विकल्याशिवाय, तो अन्नाला शिवायचा नाही. चहा चालायचा. मंदीच्या दिवसांत भवानीला बारा, कधी साडेबारा वाजायचे. तोवर पोटात दोन कप चहा आणि डब्यातली एक गोळी. या नेमाचा त्याला कोण अभिमान. शेठही नव्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायचे.

पन्नाशीच्या आसपास पोट दुखू लागलं. बेंबीच्या वर, मधोमध, आतून कुणी निखारा धरल्यासारखं. काही खाल्लं की जरा थांबायचं, दोन-तीन तासांनी पुन्हा सुरू. चाळीखालच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "मालवणी ना तुम्ही? तिखट कमी करा." पातळ गुलाबी औषधाची बाटली दिली. गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

आता जाईचं सांगायला हवं. जाई ही जयवंतची बायको, माहेर कणकवलीकडचं. लालबागच्या त्यांच्या चाळीत तिच्या मसाल्याला तोड नव्हती. दर मे महिन्यात ती बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या गच्चीवर तीन दिवस उन्हात घालायची. धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळं, एकेक जिन्नस वेगळा भाजायची. मग सगळं घेऊन मिरची गल्लीत, मसाला कुटायच्या डंखावर. तिथे ती स्वतः नाकाला पदर लावून बसून राहायची, कारण कुटणारा आपल्यात दुसऱ्याची मिरची मिसळेल यावर तिचा ठाम विश्वास होता. तो मसाला नणंदेकडे जायचा, माहेरी जायचा, मजल्यावरच्या चार घरांत वाटीवाटीनं जायचा. शिकलेल्या सुनासुद्धा प्रमाण विचारायला यायच्या. जाई शाळेत सहावीपर्यंतच गेलेली. कुणी आपल्याला काही विचारायला यावं, अशी तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नवा मसाला झाला म्हणून जाईनं नणंदेला, नणंदेच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. कोंबडी-वडे. लग्नसराई ऐन भरात, जयवंतनं आठवडाभर रोज दोन-दोन गोळ्या घेतलेल्या. दुसऱ्या वड्यालाच त्याच्या पोटात असा डोंब उठला की त्यानं ताट सरकवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तुझ्या मसाल्यान माझा पोट जाळल्यान. जीव घेतलंस तरी तुझी हौस भागाची नाय."

नणंदेनं काहीतरी विषय काढला. जाईनं वाढायचं थांबवलं नाही, फक्त जयवंतच्या ताटात दहीभात आणून ठेवला.

पुढच्या मे महिन्यात गच्चीवर मिरच्या दिसल्या नाहीत. जयवंतच्या ते लक्षात आलं, पण त्यानं विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. घरात दुधी, मुगाचं वरण, बिनतिखटाची भाजी. त्यांची मुलगी तेव्हा घरातच होती. ती आईला म्हणाली, "तुझ्यापुरतं तरी तिखट कर ना गं." जाई म्हणाली, दोन माणसांना दोन भांडी कशाला. मजल्यावरच्या बायका दोन वर्षं विचारत राहिल्या, मग त्यांनी तयार पाकिटं आणायला सुरुवात केली. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. पोट मात्र दुखायचं ते दुखतच होतं, कधी महिना-दोन महिने गप्प, कधी पुन्हा. दुखलं की जयवंत जाईकडे अशा नजरेनं बघायचा की वरणात मिरची पडली की काय. गोळ्यांचा डबा तिकडे गादीच्या कडेला होताच.

गेल्या डिसेंबरात दुकानात एका नवरीला शालू दाखवता दाखवता जयवंत उभ्याचा आडवा झाला. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. परळच्या इस्पितळात नेलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, घशातून दुर्बीण घातली. आत जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. दुर्बिणीतूनच ते थांबवलं आणि तपासायला छोटासा तुकडा घेतला.

दोन दिवसांनी डॉक्टर कॅरिसा त्याच्या खाटेशी येऊन बसल्या. खोताच्या वाडीतली ख्रिस्ती मुलगी, मराठी खणखणीत. म्हणाल्या, "काका, तुमच्या पोटात एक जंतू सापडलाय. बहुतेक लहानपणापासूनच असेल, खूप लोकांच्या पोटात असतो. पोटाचं आतलं अस्तर तो कमजोर करतो, मग आपलंच ॲसिड तिथे जखम करतं. दुखण्याच्या गोळ्या घेता का कधी?"

"कधीतरी. कंबरेला."

"कधीतरी म्हणजे?"

जयवंतनं मनातल्या मनात हिशोब मांडला आणि त्यालाच लाज वाटली. "रोज. पंधराएक वर्षं. रिकाम्या पोटी."

डॉक्टरांनी मान हलवली. जंतू आणि गोळ्या, दोघांनी मिळून केलंय म्हणाल्या. चौदा दिवस अँटिबायोटिक, सोबत ॲसिड कमी करणारी गोळी, एकही डोस चुकवायचा नाही. महिना-दीड महिन्यानं जंतू गेला का याची तपासणी. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय पुन्हा नाही.

"आणि तिखट?" जयवंतनं विचारलं.

"तिखटानं अल्सर होत नाही, काका. जखम असताना झोंबतं काहींना, तेवढंच. बरे झालात की खा की हवं ते."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. नऊ वर्षांपूर्वीची ती पंगत त्याला जशीच्या तशी दिसत होती. बहिणीचा चेहरा, जाईच्या हातातला डाव.

जाई पेज घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. शब्द जुळवणं हाच ज्याचा धंदा, त्याला त्या दिवशी चार वाक्यं जुळवताना घाम फुटला. जाईनं ऐकून घेतलं. पेजेच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पंधरा वर्सां गोळ्यो खायत होतास," ती म्हणाली. "माका तरी सांगाचा."

"त्यात काय सांगाचा, असा वाटला."

ती रडली असती, भांडली असती, तर जयवंतला सोपं गेलं असतं. तिनं चमचा धुवून पुसला आणि पेज गार होतेय म्हणाली.

जयवंतनं चौदा दिवस घड्याळ लावून गोळ्या घेतल्या. भवानीचा नेम मोडला, सकाळी भाकरी खाऊनच तो दुकानात जाऊ लागला. गोळ्यांचा डबा त्यानं गणपतच्या देखत कचऱ्यात रिकामा केला. मार्चमध्ये तपासणी झाली, जंतू गेला होता. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जाईचं जे आपण काढून घेतलं, ते तिला परत द्यायचं.

मे महिन्यात त्यानं सुट्टी टाकली आणि मिरच्या आणल्या. गच्चीवर वाळत घातल्या, कावळे हाकले. प्रमाण विचारलं तेव्हा जाईनं कुठेही न अडखळता सांगितलं, त्रिफळं किती आणि दगडफूल किती, आणि भाजायला स्वतःच बसली. तिचे गुडघे चढउताराला तयार नव्हते म्हणून डंखावर तोच बसून राहिला, शिंकून शिंकून बेजार. "वैनी नाही आल्या?" कुटणाऱ्यानं विचारलं. नऊ वर्षांनीही त्याला ती आठवत होती, हे ऐकून जयवंतला धड हसताही येईना.

रविवारी दुपारी जाईनं बांगड्याचं तिखलं, दाट लालभडक कालवण, केलं. डबा उघडून तिनं मसाला हुंगला तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की जयवंतला वाटलं, झालं, फिटलं. दोघं समोरासमोर बसली. जाईनं पहिला घास घेतला.

तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती तांब्याभर पाणी प्यायली, थांबली, आणि भाकरीचा मोठा तुकडा घेऊन तिनं पुन्हा एक घास घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं नुसतंच बोट लावून पाहिलं. मग ताट बाजूला केलं आणि सकाळचं मुगाचं वरण भातावर ओतून घेतलं.

"तुमी खावा," ती म्हणाली. "माका आता सोसना नाय. सवय गेली."

जयवंत खात राहिला. चव तीच होती, कणभरही कमी नाही. ताटात टाकणं म्हणजे तिचा दुसऱ्यांदा अपमान, म्हणून त्यानं काटे चोखून सगळं संपवलं. समोर ती वरणभात कालवत होती. संध्याकाळपर्यंत तो पोटावर हात ठेवून बसून होता. थोडं तरी दुखलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण अजिबात दुखलं नाही.