सायलेन्सरच्या बाजूचा माणूस

"थांबा. धुराले बोलू द्या."

गिऱ्हाइकाने तक्रार सांगायला तोंड उघडले की मिस्त्री एवढेच म्हणायचे आणि गाडीमागे बसायला लागायचे. बसणे त्यांना सोपे नव्हते, गुडघे गेलेले. डावा पंजा गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर टेकायचा, सगळा भार त्याच्यावर टाकायचा आणि उजव्या हातात कागद धरून हळूहळू खाली जायचे. मग तो कागद सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा. कागदावर जे उमटेल ते उजेडात धरून बघायचे, बोटाने चोळायचे, नाकाशी न्यायचे. तोपर्यंत गिऱ्हाइकाने गप्प राहायचे, मग तो नगरसेवक असो नाहीतर टमटमवाला.

आपापल्या गावात असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा हा अमरावतीत, बडनेऱ्याच्या रस्त्यावर दुकान टाकून होता.

कागद कुठलाही चालायचा. लग्नाच्या पत्रिका, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रके. "निवडणुकीचा कागद चांगला," ते सांगायचे. "काळं लवकर धरते."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती आमच्या व्हॅनमुळे. ही व्हॅन म्हणजे अकोल्यातल्या आमच्या गटाची एकुलती एक इस्टेट. एक परदेशी डॉक्टर तिच्यातून रस्त्यारस्त्याने हिंदुस्थानात आला, इकडच्या एका दवाखान्यात बरीच वर्षे राहिला आणि परत जाताना ती माझ्या बाबांच्या हवाली करून गेला. इंजिन मागे, आणि त्याला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही. वाऱ्यावर थंड होणारी गाडी. अकोल्याच्या उन्हाळ्यात वाऱ्यावर थंड व्हायचे म्हणजे काय, हे ज्यांनी तिथला मे महिना काढला आहे त्यांना सांगायला नको.

या गाडीत आम्ही पुस्तके, पत्रके आणि एक भोंगा घालून तेल्हारा-अकोटकडच्या गावांमध्ये जात होतो. शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जाणाऱ्या बायांची मजुरी आणि त्यांच्या पोरींची शाळा, ही आमची दोन कामे. ज्या गावात एसटी एकदाच येते तिथे आठवीनंतर पोरगी घरी बसते. आमच्या गाडीतली पुस्तके तिच्यापर्यंत पोचत होती. गाडी थांबली तर ती पोहोचणार नव्हती. इतके ते साधे होते.

आणि गाडी थांबायला आली होती. मागून निळा धूर निघत होता. चढावर दम लागत होता. दहीहंड्याच्या पुढे एकदा इतका धूर झाला, की मागचा मोटरसायकलवाला आम्हाला ओलांडून पुढे आला आणि म्हणाला, "ताई, तुमी जागृती करून राहिल्या का डास मारून राहिल्या?"

म्हणून बाबा आणि मी ती कशीबशी अमरावतीला नेली. बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बिघडल्यापासून त्यांनी गाडी चालवणे सोडले होते. गटातला जो मोकळा असेल तो चालवायचा. त्या दिवशी मी चालवत होते.

मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे पंजा टेकला, खाली बसले आणि कागदासाठी हात मागे केला. मी आमचे पत्रक दिले. मीच लिहिलेले होते. त्यांनी ते उलटे केले.

"एक बाजू कोरी ठेवली हे बेस केलं," ते म्हणाले.

मला राग आला. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर झोपून वाढलेली मुलगी. अक्षरे शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून. ते कागद चोळत होते तेव्हा मी त्यांना आमच्या मजुरीच्या मागणीवर सही करायला सांगितले.

"मी सही करत नाही, बाई. मी कोणाच्याच बाजूचा नाही. मी सायलेन्सरच्या बाजूचा."

मग मी त्यांना सुनावले. जो कुठल्याच बाजूला नसतो तो जिंकणाऱ्याच्या बाजूला असतो. या शहरातल्या शहाण्या माणसांच्या गप्प बसण्यावरच इथल्या मालकांची चैन चालते. आणखीही बरेच. बाबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांना माझी वाक्ये ओळखीची वाटत असणार.

"बोल, बोल," मिस्त्री म्हणाले. "तसंबी इंजन थंडं व्हाले अर्धा घंटा लागते."

मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर तेलकट शिंतोडे होते. "पांढरा धूर म्हंजे पाणी, काळा म्हंजे पेट्रोल, निळा म्हंजे तेल. तुह्या गाडीत पाणीच नाही, म्हून एक बिमारी कमी. पण हे पाह्य. तेल जळून राह्यलं."

"काहून?" बाबांनी विचारले.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या, भाऊ. इंजन उघडा लागन. आन् उघडून बी काय करता? याचे पार्ट भेटत नाहीत इकडे."

"म्हंजे संपली का गाडी?"

मिस्त्री गाडीला धरून उभे राहिले. पंजा विजारीला पुसला. "संपली असंच समजा," ते म्हणाले.

येताना बोरगावजवळ बाबा इतकेच म्हणाले, "मिस्त्री खोटं बोलनारा मानूस नाही."

गटाची बैठक झाली. आमच्याकडे बैठका फार होतात आणि लांबतात. ही लगेच संपली. उभ्या गाडीला जागा लागते, आणि जागा भाड्याची होती. भंगारवाल्याला रविवारी बोलवायचे ठरले. तेल्हाऱ्याकडच्या फेरीचे काय, असे मी विचारले. बाबांनी पुस्तके खाली उतरवायला घेतली आणि त्यांना पाठ्यपुस्तके आणि गोष्टींची पुस्तके वेगळी करता येईनात, इतके त्यांना दिसत नव्हते. की दिसत होते आणि हात चालत नव्हते, ते मी विचारले नाही.

रविवारी सकाळी भंगारवाला साखळी घेऊन आला. साखळी पुढच्या बंपरला अडकवून तो घाम पुसत होता तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. आतून आधी एक काठी बाहेर आली, मग मिस्त्री. पहाटेची एसटी धरून आले होते. दुकानाबाहेर मी त्यांना कधी पाहिले नव्हते. धुतलेला सदरा घातलेला हा म्हातारा कोण, हे कळायलाच मला एक क्षण लागला.

ते माझ्याशी बोलले नाहीत. सरळ बाबांपुढे जाऊन उभे राहिले.

"भाऊ, माह्यं चुकलं. गाडी नका देऊ."

मिस्त्रींनी खिशातून पोस्टरचा एक लहानसा तुकडा काढला. त्याच्या मागे वाळलेली खळ होती.

"त्या दिवशी तुमी गेल्यावर हात धुवाले बसलो. उजव्या हाताले तेल, ते रोजचंच. पण डाव्या हाताले खळ आन् हा कागद. मी म्हटलं, डावा हात तं म्या गाडीच्या कोपऱ्यावर टेकवला होता. तिथं खळ कुठून आली? दोन दिवस डोक्यात हेच चालू राह्यलं. मंग काल आठोलं. या गाडीले त्या कोपऱ्यावर जाळी असते, भाऊ. दोन्ही बाजूनं. तिथूनच ते वारा घेते."

आम्ही सगळे गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे वळलो. तिथे जाळी नव्हती. तिथे आमचे पोस्टर होते.

इथे आमच्या गटाची एक रीत सांगायला हवी. आम्ही आमचे जुने पोस्टर कधी फाडत नाही. पोस्टर फाडणे हे विरोधकांचे काम. म्हणून नवे पोस्टर जुन्याच्या वरच लावायचे. आणि गाडीचा मागचा कोपरा म्हणजे सगळ्यांत मोक्याची जागा, कारण मागून येणाऱ्याला तो वाचण्यावाचून गत्यंतर नसते. बाबा चालवत होते तोवर त्या जागी हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांनी स्टिअरिंग सोडले आणि आम्हा पोरांना त्या आडव्या फटी म्हणजे नक्षी वाटल्या.

मिस्त्रींनी पंजा टेकला आणि नखाने पोस्टरचे टोक उचलले. पोस्टर निघाले, खाली दुसरे. ते निघाले, खाली तिसरे. मजुरी, शाळा, पुन्हा मजुरी, पाणी, महिला मेळावा. खळ आणि धूळ बसून सगळ्याची मिळून जाड भाकर झाली होती. हात पुरेना तेव्हा भंगारवाला पुढे झाला आणि त्याने आपला स्क्रूड्रायव्हर घातला.

"लय विचार आहेत बाप्पा तुमचे," तो म्हणाला. "निघूनच नाही राह्यले."

बाबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"नाक दाबून पळवली तिले," मिस्त्री म्हणाले. "वाराच नाही, मंग तेल तापन नाही तं काय. तापून पाण्यावानी पातळ झालं आन् रिंगेजवळून वर चढलं. धूर खरं बोल्ला, भाऊ. तेल जळते असंच सांगत होता. काहून जळते, ते म्या माह्या मनानं जोडलं."

"पण फोन करून सांगायचं ना," मी म्हणाले. "एवढे गुडघे घेऊन कशाला आलात?"

"फोनवर सांगतलं असतं तं तूच म्हटली असती, गिऱ्हाईक सुटून राह्यलं म्हून मिस्त्रीनं पलटी मारली." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "चुकलं तं समोर येऊन सांगा लागते, बेटा."

आमच्या घरात किती पत्रके छापली गेली याचा हिशेब नाही. निषेधाची, आवाहनाची, खुलाशाची. 'आमचे चुकले' असे पत्रक मात्र मी एकही पाहिलेले नव्हते. मला त्या दिवशी त्या माणसाशी काही वाद घालावासा वाटला नाही, आणि हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडते.

दोन्ही जाळ्या मोकळ्या केल्या. जुने तेल काढले; खरोखर पाण्यासारखे पातळ आणि काळे. नवे घातले. बाबा म्हणाले, "मी लावतो चाबी." मी ती त्यांच्या हातात ठेवली.

गाडी सुरू झाली आणि मागून निळा लोट आला.

"जुनं हाय ते. निघू द्या," मिस्त्री म्हणाले.

मी स्टिअरिंगवर बसले, बाबा शेजारी, मिस्त्री मागे पुस्तकांच्या रिकाम्या फळीवर. अकोटच्या रस्त्याने गेलो. दहीहंड्याचा पूल आला, गेला. आरशात आधी निळे दिसत होते, मग पांढुरके, मग रस्ता दिसायला लागला. मागच्या बैलगाडीतला माणूस दिसायला लागला. बाबा सारखे विचारत होते, "आता?" आणि मी सांगत होते, "रस्ता दिसतोय, बाबा."

अकोटला चहाच्या टपरीपाशी थांबून मिस्त्रींनी पत्रक मागितले. खाली बसले, कागद धरला, उजेडात पाहिला. कडेला एक फिकट डाग होता.

"रिंगा म्हाताऱ्या झाल्या, पण मेल्या नाहीत," ते म्हणाले. "माह्यावानी. फेरी मारा खुशाल."

परत आलो तेव्हा भंगारवाला अजून फाटकाशी बसलेला होता. "मंग माही साखळी सोडू का मी?" त्याने विचारले. साखळी त्याच्या मांडीवरच होती. आम्ही निघण्याआधीच त्याने ती सोडली होती.

सही मिस्त्रींनी त्या दिवशीही केली नाही. मी पुन्हा मागितली होती.

आता बडनेऱ्याच्या रस्त्यावरचे ते शटर बंद असते. गुडघ्यांनी जवाब दिला, म्हणून ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. आमच्या गटाची रीत थोडी बदलली आहे: जुने पोस्टर आम्ही अजूनही फाडत नाही, पण गाडीचे मागचे दोन कोपरे सोडतो. मागच्या महिन्यात तेल्हाऱ्याच्या फेरीला निघण्यापूर्वी मी जाळीवर डावा पंजा टेकला, खाली बसले आणि सायलेन्सरशी पत्रक धरले. त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. थोड्या वेळाने फोनवर त्यांचा आवाज आला, मागे नातवंडांचा गोंधळ:

"फोटूत वास येत नाही, बेटा. पण ठीक दिसते."

पत्रक मी उलटून पुन्हा पाहिले. छापलेली आणि कोरी, दोन्ही बाजू स्वच्छ होत्या. पहिल्या गावात जी पोरगी सगळ्यांत आधी गाडीकडे पळत आली, तिच्या हातात मी तेच दिले.