कोऱ्या कागदावरची सही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या मॅडमचे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. एम.ए.चा फॉर्म त्यांनी मला समोर बसवून भरून घेतला. एक अक्षर खोडलं तर म्हणाल्या, "नवीन फॉर्म आण. आपली कुठे ओळख नाही. आपला कागदच बोलतो."

आज मी कांदिवलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. कायम जागेसाठी अर्ज करायचा तर शिफारसपत्र लागतं, आणि दर वेळी त्यासाठी गावी जाणं जमत नाही. म्हणून निवृत्त झालेल्या मॅडमनी गेल्या दिवाळीत मला त्यांच्या लेटरहेडचे तीन कोरे कागद खाली सही करून दिले. अट एकच होती. "मजकूर मला फोनवर वाचून दाखवायचा, मगच छापायचा."

पहिल्या वेळी वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी घाटकोपरच्या एका कॉलेजात जागा निघाली आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी दिंडोशीत, खोलीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. फोन करायचा राहिला.

"काय सर, या वेळी तरी पेढे देणार ना?" दुकानदार म्हणाला.

"आधी तू छाप रे. अर्ज साध्या कागदावर, शिफारसपत्र लेटरहेडवर."

"टेन्शन नको. झकास येईल."

प्रत्येक झेरॉक्सवर 'सत्यप्रत' लिहून मला सही करायची होती. शिफारसपत्रावर माझी सही लागत नाही, म्हणून नेमका तेवढाच कागद मी वाचला नाही. तसाच फाईलला लावला.

मुलाखतीत विषयतज्ज्ञ म्हणून आलेले एक वयस्क सर फाईल चाळता चाळता थांबले. "'सहायक प्राध्यापक पदासाठी मी अर्ज करीत आहे,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "लेटरहेड मॅडमचं, सही मॅडमची. काय हो, निवृत्तीनंतर त्यांनाही नोकरी हवीय?"

प्राचार्य हसले. "खाली नाव मात्र यांचं आहे. दोघं मिळून एक तास घेणार असतील!"

दुकानदाराने लेटरहेडवरही माझाच अर्ज छापला होता. सगळे हसत होते, ते सर मात्र थांबले. "म्हणजे मॅडम कोऱ्या कागदावर सह्या करून देतात?"

हो म्हणायला हवं होतं. सगळी चूक माझी आहे, असं सांगायला हवं होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "मीच टाईप करून त्यांच्याकडे नेलं होतं. चुकीचा कागद गेला. मॅडमचं आता वय झालंय, न वाचता सही केली असेल."

"या मॅडमच्या हाताखाली मी पेपर तपासलेत," ते म्हणाले. "अर्ध्या मार्कासाठी पुन्हा बेरीज करायला लावायच्या." मग फाईल मिटून म्हणाले, "वय झालं म्हणायचं."

पुढची मुलाखत चांगली झाली. उत्तरं भराभर आली, त्याचीही आता लाज वाटते. चार दिवस मी मॅडमचे फोन उचलले नाहीत. पाचव्या दिवशी हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या सहीच्या कागदावर शिफारसपत्राऐवजी माझाच अर्ज छापला गेला आणि मी तो न वाचता घाटकोपरला दिला. तुम्हाला वाचून दाखवला असता तर हे झालंच नसतं. पण ही चूक लहान आहे. मुलाखतीत विचारलं तेव्हा, वयामुळे तुम्ही न वाचता सही केलीत, असं मी सांगितलं. समोर तुमच्या हाताखाली पेपर तपासलेले एक सर होते. त्यांना ते खरं वाटलं.

काल खरं काय झालं ते लिहून प्राचार्यांना स्वतः नेऊन दिलं. एक प्रत त्या सरांसाठीही दिली. कॉलेजच्या ऑफिसातून मिळालेली पोच सोबत जोडली आहे. निकाल अजून लागलेला नाही. आता तो माझ्या बाजूने लागेल असं वाटत नाही.

तुमच्या सहीचा उरलेला कागद परत पाठवतो आहे. तो फाडायला माझा हात धजला नाही.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी दोनदा वाचलं आहे.

तुमचा विद्यार्थी