यॉट बंधाऱ्यापर्यंत गेली

आमच्या ह्यांनी होडी घेतली तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं, आणि मी गावाच्या बाजूनं होते. मासेमारीवाल्याची जुनी फायबरची होडी, मागं डिझेलचं मशीन, बसायला आडवी फळी. तिला हे ‘यॉट’ म्हणायचे. मोबाइलवर त्यांनी कुठलं तरी परदेशी म्हातारं जोडपं पाहिलं होतं. थंडी पडली की ती दोघं पांढऱ्याशुभ्र मोटर यॉटमधून दक्षिणेच्या गरम समुद्रात जायची, आणि बाई पाय पसरून सरबत प्यायची. मी म्हणाले, त्या बाईच्या दावणीला म्हशी नसतील.

पण थट्टा तेवढीच. ह्यांची छाती गेली होती. शिक्रापूरच्या बाजूला एका फाउंड्रीत उभी हयात काढली, ती सगळी धूळ आत जाऊन बसली. कार्तिक लागला की नदीवरचं धुकं घरात शिरायचं आणि हे भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एक हिवाळा इथं काढला तर झेपणार नाही, कुठंतरी उबेला न्या.

माझा मावसभाऊ दौंडच्याही खाली, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला राहतो. तिथं थंडीत लांबलांबून पाखरं येतात. पाखरांना कळतं ते आपल्याला का कळू नये, असं ह्यांचं म्हणणं. तिथं खरंच ऊब जास्त असते का, देव जाणे. पण नदी आमच्या दारातूनच तिकडं जाते. अलीकडचा काठ शिरूरचा, पलीकडचा दौंडचा, आणि पाणी दोघांनाही न विचारता दक्षिणेला.

जीप करू, दुपारच्या जेवणाला पोचू, असं मी सुचवलं. त्यावर ते चिडलेच.

“गाडीतनं न्हेत्यात मानसाला. मला जायाचंय.”

त्यानंतर मी होडीची चेष्टा बंद केली आणि लग्नातल्या मांडवाचं कापड काढून तिच्या छताला शिवायला घेतलं.

आमच्याकडं पाऊस सरून नदीचा जोर ओसरला की बंधाऱ्याला ढापे बसवतात. लोखंडी पत्रे खांबांच्या खाचांत सोडायचे, दोन ओळींच्या मधे माती दाबायची, की उन्हाळ्यापर्यंत पाणी तुंबून राहतं. त्यावर ऊस, त्यावर गुरं आणि त्यावरच भावकीतली भांडणं. ढापे बसवायला हे दरवर्षी सगळ्यांच्या पुढं. त्या वर्षी दम नव्हता, म्हणून काठावर खुर्ची टाकून बसले आणि धापा टाकत पोरांवर ओरडले, फट ठेवू नका म्हणून. पाणी चढलं तसे खूश झाले. मशीनला खोल पाणी लागतं, म्हणाले. मीही मान डोलावली.

आता कुणालाही हसू येईल. पण आमच्या लेखी नदी ही अडवायचीच वस्तू. बंधाऱ्यावरून आम्ही मोटारसायकलवर इतक्यांदा दौंडच्या बाजूला गेलो होतो की आमच्यासाठी तो रस्ताच होता. तो कधी आपल्याला आडवा येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. एवढं गाव आम्हाला हसलं, त्यातल्याही कुणाच्या नाही.

दिवाळी झाली. म्हशी जावेच्या गळ्यात घातल्या आणि ऊन अंगाला लागल्यावर निघालो. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ह्यांचा दम्याचा पंप, दोन गोधड्या. जलपर्णी मी काठीनं बाजूला सारत होते, मशीनचा दांडा त्यांच्या हातात. पलीकडच्या काठाला माझ्या माहेरचा ऊस लागला. जन्मात पहिल्यांदा मी माहेर पाण्यातून पाहिलं. ह्यांना एकदाही खोकला आला नाही. जमेल, असं मला तेव्हा वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

मग बंधारा आला. ह्यांनी मशीन बंद केलं आणि होडीचं नाक ढाप्यावर जाऊन ठक्क आपटलं. ते ढापा बघत राहिले, मी त्यांच्याकडं. वरच्या रस्त्यावर माणसं जमली. मला वाटलं आता हसतील, पण कुणी हसलं नाही. दरवर्षी ह्यांच्याबरोबर ढापे बसवणारे एक म्हातारे कठड्याशी उकिडवे बसले.

“आप्पा, काढू का दोन-चार ढापे? पोरं हायेत.”

आमच्या भागात कुणी कुणासाठी एवढं बोलत नाही. भर हंगामात ढापा काढायचा म्हणजे अख्ख्या गावाचं पाणी सोडायचं.

“नगं,” हे म्हणाले. “लोकांनी गहू पेरल्यात.”

“जाऊ द्या की पानी,” मी म्हणाले. मला त्या गव्हाचा, उसाचा, सगळ्या गावाचा राग आला होता.

त्यांनी हातानंच बंधाऱ्याच्या पलीकडं दाखवलं. पलीकडं नुसते दगड होते आणि मधे मधे डबकी. त्यापुढं दुसरा बंधारा, त्यालाही ढापे. मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले. होडी खांबाला बांधली आणि आम्हाला कुणीतरी ट्रॅक्टरवरून घरी सोडलं. त्यानंतर मी जीपचं दोनदा काढलं. ते नुसते भिंतीकडं तोंड करायचे.

पौषात एका सकाळी श्वासच पुरेना, तेव्हा मी त्यांना न विचारता गाडी बोलावली. दौंडच्या दवाखान्याची वाट बंधाऱ्यावरूनच. तिथून ते परत आले नाहीत, पण बंधाऱ्यावर आलो तेव्हा अजून शुद्धीवर होते. डोकं माझ्या मांडीवर. होडी खांबालाच होती, मांडवाचं कापड फाटून पाण्यात लोंबत होतं. ती दिसू नये म्हणून मी पदर आडवा धरला. त्यांनी होडीचं नावसुद्धा काढलं नाही.

“ढापं गळत्यात का गं?”

मी खिडकीतून वाकून पाहिलं. मधल्या एका फटीतून चांगली मनगटाएवढी धार लागली होती आणि दगडांमधून वाट काढत खाली दक्षिणेला चालली होती.

“न्हाई,” मी म्हणाले. “थेंब न्हाई.”